खंडाळ्याचा बोगदा आणि नऊ सुरुंग

बाबालाल मिस्त्री यांचे नाव प्रथम लिहितो, कारण त्यांच्यावाचून मला हे वाक्यसुद्धा लिहिता आले नसते.

नगर जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला आमचे बाजाराचे गाव आहे. तिथे मिस्त्री घरोघर फिरून जात्यांना टाकी लावत. माझे वडील विणकर. मी दुसरीत असताना ते तापाने गेले आणि दिवसकार्य झाल्यावर आईने मला मागावर बसवायचे ठरवले. शेजारच्या खोलीत मिस्त्री नुकतेच राहायला आले होते. त्यांची आमची धड ओळखही नव्हती. एका सकाळी ते दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोराला शाळेत सोडून येतो. मागावर बसवायचं असंल तर तुमी जाऊन त्याला शाळेतनं ओढून आणा."

आई ओढून आणायला कधी गेली नाही. मिस्त्री मात्र मला रोज सोडत राहिले. मी त्यांना चाचा म्हणू लागलो. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते. संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसून धडा मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी दगडावर टाकी चालवायची, असा आमचा परिपाठ होता. मी अडखळलो की टाकी थांबे. वाक्य पुन्हा नीट वाचले की ती सुरू होई. मराठी, इतिहास, भूगोल, सारे मी असे त्या टाकीच्या तालावर शिकलो. पुढे पुण्याला कॉलेजात निघालो तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन ते स्टेशनपर्यंत चालत आले होते.

यंदा बी.ए.चा निकाल घेऊन घरी गेलो तेव्हा चाचा अंथरुणाला खिळले होते; मुलगी जैनब उशाशी होती. आयुष्यभराची दगडाची धूळ छातीत साठली होती. मी पायांवर डोके ठेवायला वाकलो, तर त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

"पाया मागनं पड. आधी एक काम कर. खंडाळ्याला जा."

मग त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. आमच्या गावी येण्यापूर्वी ते खंडाळ्याच्या घाटात नव्या रेल्वेबोगद्याच्या कामावर होते. ठेकेदाराकडे त्यांचे काम होते सुरुंग मोजण्याचे. खडकात भोके पाडून त्यांत दारू ठासत. वाती मुद्दाम कमीजास्त लांबीच्या कापत, म्हणजे सुरुंग एकापाठोपाठ एक उडावेत आणि मोजता यावेत. वाती पेटवून सगळे बाहेर येत. मोजणारा जितके सुरुंग तितके खडे डाव्या हातात घेऊन उभा राही आणि प्रत्येक आवाजाला एक खडा उजव्या हातात घेई. तोवर कुणी बोलायचे नाही, बायकांनी मुलाला गप्प करायचे, खोकला आला तर तोंडात पदर कोंबायचा. डावा हात रिकामा झाला तरच काम पुढे. एक जरी खडा उरला तरी कुठेतरी एक सुरुंग न उडता खडकात बसला आहे, असा त्याचा अर्थ. आणि हात रिकामा झाल्यावर पहिल्यांदा आत जायचे ते मोजणाऱ्याने, एकट्याने.

"त्या दिवशी नऊ होते," चाचा म्हणाले. "माझा हात रिकामा झाला. मी आत जाऊन बघून आलो, मग बाकीच्यांना 'या' म्हणून हाळी दिली. दुपारी तिघं जण नव्या भोकासाठी पहार मारत होते, तर पहारीखाली सुरुंग उडाला. तिघंबी गेले. ठेकेदार म्हणाला, मोजणाऱ्यानं घोटाळा केला. मी म्हणालो, माझे नऊ उडाले. हा आदल्या पाळीचा राहिलेला असणार. माझं कोण ऐकतंय? संध्याकाळच्या आत मला घाटाखाली घालवून दिलं."

"मग तो आदल्या पाळीचाच होता," मी म्हणालो.

"तुला काय ठावं?" त्यांना धाप लागली. थोड्या वेळाने म्हणाले, "तू शिकलेला हायेस. जा, बघ, विचार. जे असंल ते मला सांग. मला मरायला सोपं जावं म्हणून काही बनवून आणू नको."

मी वचन दिले. ते देताना मला मुळीच जड गेले नाही. ज्या माणसाला माझा एक चुकलेला शब्द चालत नसे, तो नवाच्या जागी आठ मोजील हे मला शक्यच वाटत नव्हते. मी निघालो तो सत्य शोधायला नव्हे. चाचांच्या निर्दोषपणाचा कागद आणायला निघालो होतो.

लोणावळे

आषाढ सरत आला होता. गाडीने तळेगाव मागे टाकले आणि बाहेरची जमीन पाण्याखाली गेली. भातखाचरांत बायका पाठीवर पानांची इरली घेऊन लावणी करीत होत्या. आमच्याकडे आभाळात एक काळा ढग आला तर लोक जेवण टाकून अंगणात येतात. इथे कुणी मान वर करून बघत नव्हते.

लोणावळ्यास उतरलो तो माझी छत्री वाऱ्याने उलटी झाली आणि दोन काड्या मोडल्या. खाणावळवाल्याने माझे ओले कपडे चुलीवरच्या दांडीवर टाकले.

"तुमच्याकडे कपडे कसे वाळवता?" त्याने विचारले.

"दोरीवर."

"निसत्या दोरीवर?" तो हसतच सुटला. त्याने ते आतल्या बायकोलाही ओरडून सांगितले.

पुढचे पाच दिवस माझ्या अंगाला धुराचा वास येत होता. जेवायला दोन्ही वेळा भात. ज्वारीची भाकरी मागितली तर खाणावळवाल्याने मी आजारी आहे काय, असे विचारले.

दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या एका कचेरीत गेलो. तिथल्या वृद्ध कारकुनांनी मला खुर्चीवर बसू दिले नाही, कारण मी निथळत होतो. एका लाकडी पेटीवर बसवून त्यांनी बोगद्याची हकिकत मोठ्या प्रेमाने सांगितली. आमच्या पणजोबांच्या काळी घाटात पहिली लोहवाट झाली. हातोडा, पहार आणि सुरुंगाची दारू, एवढ्यावर डोंगर फोडला. मुलुखामुलुखांतून माणसे आली, पावसाळ्यात झोपड्यांतून पटकी शिरली, टोळ्याच्या टोळ्या मेल्या, काही पळाल्या, पुन्हा नव्या आल्या. इतके करूनही चढ असा अवघड की अर्ध्या घाटात गाडी उभी करून इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, आणि मग गाडी उलट्या दिशेने वर निघे. डोंगराच्या सोंडेवर वळायला जागाच नव्हती. पुष्कळ वर्षांनी ही अडचण काढण्यासाठी सोंडेच्या पोटातून नवा बोगदा पाडला, तोच चाचांचा. जुनी वाट तेव्हापासून ओस पडली आहे.

त्यांनी निळ्या कागदावरचा नकाशा उलगडून दाखवला. बोगद्याची लांबी, चढ, दोन्ही तोंडांची उंची, सर्व बारीक अक्षरांत लिहिलेले होते. कुठे पाणी ठिबकते तेही लिहिले होते.

"इथे तीन माणसे मेली. त्याची नोंद कुठे मिळेल?" मी विचारले.

"माणसांची नोंद ठेकेदाराकडे."

"आणि ठेकेदार?"

"काम संपल्यावर तो कशाला थांबतोय? त्याच्या कचेरीचे कागद वाळवीने खाल्ले. मी स्वतः बघितलं, टोपलीनं माती काढावी तसे काढले."

"म्हणजे त्यांची नावे कुठेच नाहीत?"

त्यांनी नकाशाची हळूहळू गुंडाळी केली. "हे विचारायला आजपर्यंत कुणी आलं नाही हो. त्यामुळे काय उत्तर द्यावं याची मला सवय नाही."

मात्र त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. रुळांची देखभाल करणाऱ्या खंडाळ्याच्या गँगच्या मुकादमाला एक चिठ्ठी लिहून दिली, आणि सुरुंग भरणारी माणसे टाकवे गावची होती, त्यांतला गेनू नावाचा अजून आहे, असे सांगितले.

टाकवे बुद्रुक

कामशेतला उतरून चालत निघालो. इंद्रायणीचे पाणी तांबडे झाले होते. एका खाचराच्या बांधावर माझी उजवी वहाण चिखलाने ओढून घेतली; हात कोपरापर्यंत घालून शोधली, पण मिळाली नाही. एक वहाण घालून चालणे बरे दिसेना, म्हणून दुसरीही बांधावर ठेवली आणि अनवाणी गावात शिरलो.

गेनूभाऊंचे घर गावाच्या टोकाला. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांच्या भावजय, सरूमावशी, दाराशी सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांचे यजमान मारुती हे त्या तिघांतले एक. मी आडपडदा न ठेवता सांगितले की मला बाबालाल मिस्त्रींनी पाठवले आहे, त्यांनीच मला शिकवले आहे.

सूप थांबले.

"जिता हाय व्हय त्यो?" मावशींनी विचारले.

"हो. फार आजारी आहेत."

"बरं," एवढे म्हणून त्या आत गेल्या. मला वाटले, आता उठावे. पण त्या ताटली घेऊन बाहेर आल्या. भात आणि ओढ्यातल्या चिंबोऱ्यांचे कालवण. मी जन्मात खेकडा खाल्लेला नव्हता. तो कुठून धरावा तेच मला कळेना.

"तोडा की," मावशी म्हणाल्या. "त्यो काय आता चावतोय? एवढं शिकून नांगी फोडाया येईना व्हय?"

गेनूभाऊ हसले, मीही हसलो. नांगी दाताखाली धरली तर हिरडीतून रक्त आले. त्या अन्नाची चव फार चांगली होती आणि प्रत्येक घास मला लाजवीत होता.

जेवण झाल्यावर गेनूभाऊंना विचारले, "त्या दिवशी सुरुंग किती होते?"

"नऊ. म्या सोताच्या हातानं भरलेत. नऊच."

"आणि मोजताना तुम्ही जवळ होता?"

"समदे व्हतो. रोज आमी बोगद्याच्या तोंडाशी थांबायचो. पर त्या दिशी तोंडाशी दरड आलती, म्हून खिडकीत उभं ऱ्हायलो."

खिडकी म्हणजे बोगद्याच्या पोटातून दरीकडे पाडलेले मोठे भोक. फुटलेला दगड तिथून खाली लोटून देत. खिडकीच्या समोर, दरीपलीकडे, एक सरळ कडा आहे.

"खिडकीत मोजायचं म्हंजी येक ध्यानात ठेवाया लागतं, बघा," गेनूभाऊ सांगू लागले. "समोरचा कडा बोलतो. आवाज परत देतो. मधले मिसळून जात्यात, पर शेवटचा येगळा ऐकू येतो. म्हून खिडकीत शेवटचा आवाज कड्याचा धरायचा. त्यो सोडून द्यायचा."

"म्हणजे नऊ सुरुंगांना दहा आवाज व्हायला हवेत?"

"व्हय."

"आणि चाचांनी नऊच मोजून हाळी दिली?"

"आवं, थांबा. धुकं व्हतं ना. धुक्यात कडा मुका आसतो. धुकं आसलं की सोडायचा न्हाई, जेवढे आवाज तेवढे सुरुंग. ह्ये घाटात समद्यास्नी ठावं हाय. मिस्त्रीनं बरुबर केलं. म्या आसतो तरी तेच केलं आसतं."

"मग तो सुरुंग?"

"आदल्या पाळीचा. दुसरं काय?"

कडा धुक्यात मुका असेल तर चाचांचे नऊ म्हणजे नऊ. सगळे त्या एका गोष्टीवर होते, आणि ती गोष्ट तर घाटातल्या सगळ्यांना ठाऊक होती. मी वहीत तसे लिहूनही टाकले.

"लिवलं का?" सरूमावशी सुपाकडे बघतच म्हणाल्या. "तुमी दोघांनी ठरिवलं, झालं. मला कोन इचारतंय?"

"तुम्ही सांगा ना, मावशी."

"मी काय सांगू? मी हितं लावनीला व्हते. पंधरा वरसं झाली. येक म्हनतो मोजनाऱ्यानं मारलं, दुसरा म्हनतो आदल्या पाळीनं. माज्या लेकीच्या सासरी तिच्या बापाच्या दोन गोष्टी सांगत्यात, ज्याला जी पायजे ती. मला येकच पायजे. खरी आसंल ती. तुमी शिकल्यालं हायसा, तर त्यो कडा बघून या आन् मला सांगून जावा."

म्हणजे मला आता दोन ठिकाणी उत्तर द्यायचे होते.

खंडाळे

धोंडू मुकादमांनी चिठ्ठी उलटसुलट करून खिशात ठेवली. "वाचाया येत न्हाई, पर सायबाची सही वळखतो," म्हणाले आणि मला रुळाकडेने घेऊन निघाले. धुके असे होते की त्यांच्या हातातला कंदील दिवसाढवळ्या पेटवलेला होता, आणि तरी चार पावलांवर तो दिसेनासा होई. खाली दरी आहे हे केवळ पाण्याच्या आवाजावरून समजत होते. लोक हा प्रदेश पाहायला हौसेने येतात. मला तिथे पाहण्यासारखे काहीच दिसले नाही. सारे पुसलेले होते.

बोगद्याच्या तोंडाशी कमानीचा घडीव दगड आहे. चिरे इतके नेमके बसले आहेत की त्यांमध्ये पान सरकणार नाही. आत शिरल्यावर मात्र खडक तसाच उघडा आहे आणि त्यावर पहारीच्या भोकांचे अर्धे अर्धे पन्हळ अजून दिसतात. मी त्यांतल्या एकात बोट घातले. आतून पाणी ओघळत होते. हे पन्हळ कुणाच्या हातचे, ते सांगणारे कुणी नाही. त्यांच्या शेजारून रोज हजारो माणसे गाडीतून गप्पा मारीत जातात. मीही पूर्वी एकदा असाच गेलो होतो.

खिडकीत जाऊन उभे राहिलो. समोर पांढरा पडदा. मी तोंडाशी हात धरून ओरडलो. काही परत आले नाही. पुन्हा ओरडलो. काही नाही. माझा आनंद मला लपवता आला नाही.

"कडा मुका आहे," मी मुकादमांना म्हणालो.

"तुमच्या वरडन्यानं काय व्हतंय? थांबा, गाडी येऊ द्या."

धुक्याच्या दिवसांत सिग्नल दिसत नाही, म्हणून रुळावर फटाके बांधून ठेवतात. त्यांच्यावरून इंजिन गेले की ते उडतात आणि चालवणाऱ्याला कळते की पुढे सिग्नल आहे. मुकादमांचा माणूस ते बांधायला वरच्या बाजूला गेला होता. थोड्या वेळाने विजेच्या इंजिनाची घरघर आली. मी सवयीने मोजू लागलो. एक. दोन. मग, जरासा थांबून, तीन.

"तीन फटाके लावता?" मी विचारले.

"दोन."

"मी तीन ऐकले."

"तिसरा कड्याचा," मुकादम कंदिलाची वात सारखी करीत म्हणाले.

मी म्हणालो, धुक्यात कडा मुका असतो ना? ते म्हणाले, "आसं म्हनत्यात खरं. आमी बी आधी तसंच म्हनायचो. पर दर पावसाळ्यात हितं फटाकं ऐकून कळलं. धुक्याचा काय संबंद न्हाई त्याला. वाऱ्यावर हाय. वारं खालनं दरीतनं वर आलं की बोलतो. वारं वरनं आसलं की गप."

मी तिथून हललो नाही. आणखी गाड्या येईपर्यंत चार तास उभा राहिलो. मध्ये वारा फिरला आणि धुके वरून खाली ओढले जाऊ लागले; त्या वेळच्या गाडीला दोनच आवाज झाले. नंतर पुन्हा खालून वारा सुटला, माझे धोतर फडफडू लागले, आणि त्या गाडीला तीन झाले. धुके मात्र तिन्ही वेळा तेवढेच दाट होते.

प्रतिध्वनीचा धडा मी इंग्रजी तिसरीत वाचला होता. चाचांच्या ओट्यावर बसून, मोठ्याने. ध्वनी पृष्ठभागावर आदळून परत येतो. त्यात धुक्याबद्दल काही नव्हते. मी तो न अडखळता वाचला असणार आणि टाकी चालत राहिली असणार.

परतताना मी मुकादमांना सर्व सांगितले. त्यांनी कंदील दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "त्या वक्ताला ह्ये कुनाला ठावं नव्हतं, मास्तर. ज्यो कोन उभा आसता त्यानं तेच केलं आसतं."

"पण त्या दिवशी वारा कुठून होता?"

"त्ये मला कसं ठावं?"

तेवढीच आशा उरली होती. वारा वरून असेल तर अजूनही चाचा सुटत होते.

पुन्हा टाकवे

मी अनवाणीच गेलो. गेनूभाऊ खाचरात होते. त्यांना हाक मारून बांधावर बोलावले. सरूमावशीही लावणीत होत्या. त्यांनी कंबर सरळ केली आणि हातातली रोपे तशीच धरून माझ्याकडे येऊ लागल्या.

मी वाऱ्याचे का विचारतो आहे ते गेनूभाऊंना सांगितले नाही. आधी सांगितले असते तर त्यांनी मिस्त्रींसाठी हवे तसे उत्तर दिले असते, इतकी माणसाची पारख मला आली होती.

"गेनूभाऊ, त्या दिवशी सुरुंग उडाल्यावर धूर कुठे गेला?"

"धूर? आरं बाबा, धुरानं मारून टाकलं आमास्नी." त्यांना ते लख्ख आठवत होते. "खिडकीतनं भाईर जायचा त्यो समदा उलटा आत आला. खालनं असलं वारं व्हतं म्हनता, डोळं उघडंनात. मिस्त्री आत गेला तर खोकून खोकून बेजार. लय वेळ थांबलो आमी."

मला वाटते, माझ्या तोंडावरून त्यांना कळले. त्यांनी एकदम मान खाली घातली आणि पायाने बांधाचा चिखल दाबू लागले.

"काय झालं?" मावशींनी विचारले.

मी सांगितले. कडा, वारा, फटाके, सगळे. नववा आवाज कड्याचा होता. आठ सुरुंग उडाले आणि एक राहिला. तो चाचांच्या पाळीचा होता.

"म्हंजी मोजनाऱ्याचीच चूक."

"चूक, पण मावशी, त्या वेळी कुणालाच हे..."

"पन काय ते तुमच्या मिस्त्रीला सांगा. मला चूक म्हनलासा तेवढं पुरं." पावसाचे पाणी त्यांच्या इरल्यावरून दोन्ही बाजूंनी गळत होते. रोपे दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "आत जाऊन बघून आलता नव्हं त्यो, आमच्या मान्साच्या आधी?"

"हो. एकटे गेले होते."

"हं."

त्या वळल्या आणि खाचरात उतरल्या. ओळ जिथे सोडली होती तिथूनच त्यांनी लावणी पुढे सुरू केली. मी बराच वेळ उभा होतो. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले नाही. गेनूभाऊ मला गावाच्या शिवेपर्यंत सोडायला आले. वाटेत मी विचारले म्हणून त्यांनी तिघांची नावे सांगितली आणि ती मी वहीत लिहून घेतली.

लोणावळे, शेवटचा दिवस

गाडीत बसलो असतो तर दीड दिवसात गावी पोचलो असतो. ज्या ओट्यावर मी शिकलो तिथे बसून त्या माणसाच्या तोंडावर हे सांगायचा धीर मला झाला नाही. म्हणून खाणावळीत बसून पत्र लिहिले. दोन कागद फाडले. एकात लिहिले होते की काही समजू शकले नाही. एकात लिहिले होते की सुरुंग आदल्या पाळीचा निघाला. तो कागद लिहिताना हात फार सफाईने चालला, आणि चाचांनी तो ऐकून डोळे मिटले असते हेही मला माहीत होते. मग तिसरा लिहिला आणि ओला सदरा घालून टपालात टाकून आलो. पत्र माझ्याआधी पोचावे म्हणून वाटेत पुण्याला तीन दिवस थांबलो.

पत्र चाचांच्या मुलीने, जैनबने, त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते एकदा ऐकले आणि पुन्हा वाचायला लावले. असे ती सांगते. मी रविवारी दुपारी पोचलो. त्यांचे दफन शनिवारी झाले होते.

ते पत्र असे होते:

तीर्थरूप चाचा यांस साष्टांग नमस्कार.

जैनब हे वाचील. तिला मध्ये थांबवू नका, कारण वाईट तेच आधी लिहितो.

राहिलेला सुरुंग तुमचा होता. भरले होते नऊ. गेनूभाऊंनी स्वतः भरले. तुम्ही नऊ आवाज ऐकले हेही खरे. पण नववा कड्याचा होता. धुक्यात कडा मुका असतो ही समजूत खोटी आहे. वारा खालून असला की तो धुक्यातही आवाज परत देतो. मी खिडकीत उभा राहून माझ्या कानांनी ऐकले. त्या दिवशी वारा खालून होता. धूर उलटा आत आला हे तुम्हालाही आठवत असेल.

गेनूभाऊ म्हणतात, त्यांनीही तुमच्यासारखेच मोजले असते. मुकादमही तसेच म्हणतात. ते खरे आहे म्हणून लिहिले. त्यामुळे तुम्हाला बरे वाटेल असे मला वाटत नाही.

मारुतीच्या पत्नी सरूमावशी यांना मी सर्व सांगितले. त्यांनी माफ केले असे मी लिहू शकत नाही. त्यांनी एवढेच विचारले, की त्यांच्या माणसाच्या आधी तुम्ही आत गेला होता ना? मी हो म्हणालो.

तिघांची नावे कोणत्याही कागदावर नव्हती. मी लिहून घेतली आहेत. मारुती, सखाराम, येसू. जैनब, ही सावकाश वाच.

चाचा, तुम्ही निर्दोष आहात असा कागद आणायला मी निघालो होतो. तुम्ही केलेल्या सगळ्यासाठी मला तुम्हाला तेवढे एकच द्यायचे होते, आणि ते मला मिळाले नाही. खोटे लिहून पाहिले. ते जैनबने वाचले असते आणि तुम्ही ऐकले असते. मग मी तुमच्यासमोर बसून पुन्हा कधी काही वाचू शकलो नसतो.

रविवारी येतो. तुम्ही जे विचाराल त्याचे उत्तर देईन. मला दारातून परत पाठवू नका.

तुमचा
दत्तू